जाणाऱ्याच्या हातावर दही

ऑगस्ट २०२१ मधली गोष्ट. आमच्या घरात दोन दिवस सुतक असल्यासारखं वातावरण होतं. मेस्सी बार्सिलोना सोडून चालला होता.

पुतण्या तेव्हा दहावीत होता. बातमी कळताच त्याने दहा नंबरची जर्सी अंगातून काढली आणि कोपऱ्यात भिरकावली. रात्री जेवला नाही. "गद्दार निघाला," एवढंच म्हणाला. दोन दिवसांनी वहिनीने ती जर्सी उचलली आणि गॅसचा ओटा पुसायला घेतली. जुन्या बनियनचं आमच्याकडे तेच होतं. पोरगं आतल्या खोलीतून धावत आलं, तिच्या हातातून जर्सी ओढून घेतली. स्वतः धुतली, वाळवली आणि घडी घालून कपाटात ठेवली.

तेव्हापासून हे सगळं कुणाला तरी सांगावं असं मनात होतं. तुम्ही फुटबॉल बघणारी माणसं आहात. कुणी रात्री दीडचा गजर लावून युरोपातल्या मॅच बघता. कुणी कोल्हापूरला शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर उन्हात बसता. कुणी मडगावला फातोर्ड्याच्या मैदानावर जाता. कधी ना कधी तुमचाही लाडका खेळाडू दुसऱ्याच्या रंगात दिसणार आहे. तेव्हा काय करायचं, हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

राग येणारच. येऊ द्या. जीव लावला म्हणून राग येतो. त्या रागात काय करायचं आणि काय नाही, तेवढं मी सांगतो. वडीलधाऱ्याचं बोलणं समजून ऐका.

पहिली गोष्ट. बातमी आली की एक रात्र जाऊ द्या.

खेळाडूंची अदलाबदल उन्हाळ्यात आणि पुन्हा जानेवारीत होते. त्या दिवसांत फोनवर अफवांचा नुसता पाऊस पडतो. 'ठरलं', 'सही झाली', 'विमानात बसला'. यातल्या बऱ्याच गोष्टी होतच नाहीत. काही बातम्या भाव वाढवायला मुद्दाम सोडलेल्या असतात. क्लब स्वतः जाहीर करीपर्यंत काही पुढे पाठवू नका. रात्री बारा वाजता लिहिलेली शिवी सकाळी आपल्यालाच वाचवत नाही. पण तोवर ती शंभर जणांकडे गेलेली असते.

दुसरी गोष्ट. निर्णय खरंच कुणाचा होता, ते बघा.

मेस्सीचंच घ्या. तो तेरा वर्षांचा असताना बार्सिलोनात आला. त्याला घेण्याचं वचन क्लबच्या माणसाने डिसेंबर २००० मध्ये चक्क एका कागदी नॅपकिनवर लिहून दिलं होतं. वीस वर्षांनी क्लब कर्जात बुडाला. पगारावर किती खर्च करायचा, याची स्पॅनिश लीगने घालून दिलेली मर्यादा ओलांडली गेली. निम्मा पगार घ्यायची त्याची तयारी होती, तरी नोंदणी होईना. निरोपाच्या दिवशी तो सगळ्यांसमोर रडला. बायकोने कागदी रुमाल पुढे केला. कागदी नॅपकिनवर आलेला माणूस कागदी रुमालाने डोळे पुसत गेला. आमच्या घरातलं पोरगं त्यालाच गद्दार म्हणत होतं. हा शब्द आपल्याकडे हल्ली फार स्वस्त झाला आहे.

पैशाचंही नीट समजून घ्या. 'अमुक कोटींना विकला गेला' असं आपण वाचतो आणि वाटतं, ते कोटी त्याच्या खिशात गेले. तसं नसतं. ती रक्कम जुन्या क्लबला मिळते. २०१७ मध्ये पॅरिसच्या क्लबने नेमारला घेतलं, तेव्हा २२ कोटी २० लाख युरो बार्सिलोनाच्या तिजोरीत आले. खेळाडूला मिळतो तो नव्या क्लबचा पगार. तोही थोडा नसतो, हे खरं. पण हिशेब मांडायचा तर पुरा मांडावा.

करार संपल्यावर खेळाडू मोकळा असतो. हा हक्कही फुकट मिळालेला नाही. बेल्जियमच्या जाँ-मार्क बोसमान नावाच्या खेळाडूचा करार १९९० मध्ये संपला. त्याला फ्रान्सच्या क्लबात जायचं होतं. जुना क्लब पैशावरून अडून बसला. वर पगार एकदम कमी करून ठेवला. बोसमान कोर्टात गेला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपच्या न्यायालयाने निकाल दिला, की करार संपलेल्या खेळाडूला अडवून त्याच्यासाठी पैसे मागता येणार नाहीत. पुढच्या हजारो खेळाडूंना त्याचा फायदा झाला. बोसमानची स्वतःची खेळायची वर्षं मात्र खटल्यात गेली.

तिसरी गोष्ट. क्लबही सोडून जातात, हे विसरू नका.

मुंबईकरांना महिंद्रा युनायटेड आठवत असेल. २००५-०६ मध्ये देशाची लीग जिंकलेला संघ. कूपरेजवर लोक त्याच्यासाठी यायचे. २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. गोव्यातल्या धेंपोने पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलं. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. त्यांची कारणं त्यांच्याजवळ होती. पण संघ बंद होतो तेव्हा खेळाडूला दुसरीकडे काम शोधावं लागतं. तिथे त्याला निष्ठेचे धडे कोण देणार?

इटलीच्या देल पिएरोचं उदाहरण तर याहून बोलकं. २००६ मध्ये सामन्यांच्या गैरव्यवहाराच्या प्रकरणात युव्हेंटस क्लबला दुसऱ्या श्रेणीत ढकललं गेलं. इब्राहिमोविच, कान्नावारो, थुराम असे मोठे खेळाडू निघून गेले. देल पिएरो नुकताच विश्वचषक जिंकून आला होता. कुठेही गेला असता. तो थांबला. बुफ्फोन आणि नेदवेदही थांबले. क्लब पुन्हा वर आला. पाच वर्षांनी, २०११ मध्ये, क्लबच्या अध्यक्षांनी भागधारकांच्या सभेत सांगून टाकलं, की देल पिएरोचा हा शेवटचा मोसम. क्लबच्या दृष्टीने तो व्यवहार होता. खेळाडूने तसाच व्यवहार केला की आपण दगड उचलतो.

चौथी गोष्ट. घरातलं माप मैदानावरही लावा.

तुमचा मुलगा पुण्याच्या कंपनीतून जास्त पगारावर हैदराबादला गेला, तर तुम्ही पेढे वाटता. जुन्या साहेबाने त्याला गद्दार म्हटलं, तर तुम्हाला चालेल का? नोकरदाराला अठ्ठावन्न-साठपर्यंत वेळ असतो. फुटबॉलवाल्याचे पाय पस्तिशीत थकतात. एक गुडघा गेला तर पंचविशीतच घरी. मग दुकान टाका, नाहीतर कुणाच्या ओळखीने नोकरी बघा. मागे आई-वडील, बहिणीचं लग्न, घराचा हप्ता. हे सगळं त्या बारा-पंधरा वर्षांत बसवायचं असतं.

कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचं उदाहरण जवळचं आहे. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. त्यात हा मुलगा भारताकडून खेळला. पुढे जमशेदपूरला गेला, हैदराबादला गेला. 'गाव सोडून कशाला जातोस' असं म्हणत कुणी त्याला धरून ठेवलं असतं, तर आज आपण अभिमानाने कुणाचं नाव घेतलं असतं?

कोल्हापूरकरांना एक शब्द वेगळा सांगतो. तुमच्याकडे पाटाकडील, खंडोबा, शिवाजी, दिलबहार, बालगोपाल ही तालमींच्या संघांची नावं म्हणजे घराणी आहेत. मोसमाच्या तोंडावर खेळाडूंची नोंदणी सुरू झाली की कोण कुठल्या तालमीकडे गेला, याची चर्चा चहाच्या गाड्यावर रंगते. रंगू द्या. ईर्षा नसेल तर तुमच्या लीगमध्ये मजा काय उरली? पण तालीम बदललेला पोरगा तुमच्याच शहरात राहतो. त्याची आई तुमच्याच मंडईत भाजी घेते. तिला रस्त्यात थांबवून टोमणा मारू नका.

पाचवी गोष्ट. सगळ्यात महत्त्वाची. तो का गेला, यावर भांडत बसू नका. कसा गेला, ते बघा.

आपल्या घरातून निघणारं माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतं. घरातली आजी त्याच्या हातावर दही घालते. निघणाऱ्याने आणि निरोप देणाऱ्याने दोघांनी पाळायची ही रीत आहे. खेळाडूला मी याच रीतीने मोजतो. 'येतो' म्हणून गेला का?

अर्जेंटिनाचा बातिस्तुता इटलीत फिओरेंतिना क्लबात नऊ वर्षं खेळला. संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला, तेव्हाही सोडून गेला नाही. पण लीगचं विजेतेपद काही हाती लागेना. वय वाढत होतं. २००० मध्ये तो रोमाकडे गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात रोमा आणि फिओरेंतिना समोरासमोर आले. शेवटी शेवटी त्याने लांबून जोरकस फटका मारला. गोल झाला. रोमाने सामना १-० जिंकला. नवे सोबती येऊन गळ्यात पडत होते आणि हा रडत होता. एकदाही हात वर केला नाही.

याच्या उलट एमान्युएल अदेबायोर. २००९ मध्ये तो आर्सेनल सोडून मँचेस्टर सिटीत गेला. सप्टेंबरात आर्सेनलविरुद्ध गोल केला आणि अख्खं मैदान ओलांडून धावत गेला, तो थेट आर्सेनलच्या पाठीराख्यांसमोर. तिथे गुडघ्यांवर घसरत त्यांना खिजवलं. प्रेक्षकांतून वस्तू भिरकावल्या गेल्या. त्याला दंड झाला. त्या लोकांनी त्याला आधी शिव्या घातल्या होत्या, हेही खरं. पण दोन्हीकडून रीत मोडली की असंच होतं.

म्हणून खेळाडूकडून तुम्ही काय मागायचं, ते ठरवून घ्या. करार असेपर्यंत मन लावून खेळ. 'मी इथेच राहणार' असं खोटं सांगू नकोस. जायचं असेल तर वेळेत सांग. जाताना क्लबला, लोकांना नावं ठेवू नकोस. एवढं केलं, तर तो इज्जतीने गेला. एवढं केलं नाही, तर त्याला बोल लावायचा तुम्हाला हक्क आहे. पण तोही तोंडाने आणि मापात.

सहावी गोष्ट. थांबणाऱ्याला मान द्या, पण त्याची काठी करून जाणाऱ्याला बडवू नका.

रोमाचा फ्रान्चेस्को टोटी पंचवीस मोसम एकाच क्लबकडून खेळला. २८ मे २०१७ रोजी त्याचा शेवटचा सामना झाला, तेव्हा अख्खं स्टेडियम डोळे पुसत होतं. असा माणूस एखादाच. पण टोटीला लीगचं विजेतेपद मिळालं ते एकदाच, २००१ मध्ये. आणि त्या मोसमात रोमासाठी वीस गोल कुणी केले? फिओरेंतिना सोडून आलेल्या बातिस्तुताने. एक जण जागचा हलला नाही, दुसरा घर सोडून आला. दोघांनी मिळून एकच कप उचलला. आपल्या संघात आलेला प्रत्येक नवा खेळाडू कुणाचं तरी घर सोडूनच आलेला असतो. त्याला मात्र आपण ढोल वाजवून आणतो.

सातवी गोष्ट. लक्ष्मणरेषा आखून घ्या.

चिडवा. घोषणा द्या. तो चेंडूला पाय लावेल तेव्हा हुर्यो करा. हा खेळाचाच भाग आहे. पण आई-बहीण, जात, धर्म, रंग, घरातलं आजारपण यांवर जिभेने जाऊ नका. हात तर अजिबात उचलू नका.

लुईस फिगो २००० मध्ये बार्सिलोना सोडून कट्टर वैरी असलेल्या रेआल माद्रिदकडे गेला. २००२ मध्ये तो बार्सिलोनाच्या मैदानावर कॉर्नर घ्यायला आला, तेव्हा बाटल्या पडल्या, आणि डुकराचं मुंडकंही पडलं. सामना थांबवावा लागला. शेवटी ०-० सुटला. त्या रात्रीचा खेळ आज कुणाला आठवत नाही. मुंडकं आठवतं. लाखो सभ्य माणसांच्या क्लबला तो डाग कायमचा लागला.

इंग्लंडचा सोल कॅम्पबेल २००१ मध्ये टॉटनहॅमचा करार संपवून शेजारच्याच आर्सेनलमध्ये गेला. जुन्या क्लबला एक पैसा मिळाला नाही. लोकांचा राग मी समजू शकतो. पण सात वर्षांनी, तो तिसऱ्याच संघाकडून खेळत असतानाही, गलिच्छ घोषणा चालूच होत्या. मग पोलिसांनी प्रेक्षक शोधून काढले. काही जणांना न्यायालयाने तीन वर्षं मैदानाची बंदी केली. म्हणजे नुकसान शेवटी कुणाचं झालं?

आपल्याकडेही बघा. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्यात मैदानावर राडा झाला, तो प्रेक्षकांत पसरला, चेंगराचेंगरी झाली. सोळा माणसं घरी परतली नाहीत. कोल्हापुरातही सामन्यानंतरच्या हुल्लडबाजीवरून समर्थकांवर गुन्हे दाखल झालेले आहेत. मॅच नव्वद मिनिटांत संपते. गुन्ह्याची नोंद पासपोर्टच्या पडताळणीत निघते. सरकारी नोकरीच्या चारित्र्य दाखल्यात निघते. तालमीचं नाव तिथे उपयोगी पडत नाही. वडील वकिलाच्या दारात बसतात.

तेव्हा गर्दीत शेजारचा दगड उचलताना दिसला, तर त्याचा हात धरा. ओळखीचा असेल तर नाव घेऊन हाक मारा. नावाने हाक मारली की माणूस भानावर येतो.

आठवी गोष्ट. लहान मुलांचे कान उघडे असतात.

तुम्ही टीव्हीसमोर बसून जाणाऱ्या खेळाडूला काय म्हणता, ते तुमचा आठ वर्षांचा मुलगा ऐकतो. उद्या त्याचा मित्र दुसऱ्या गल्लीच्या संघात गेला, की तो तेच शब्द वापरतो. त्याला राग कसा काढायचा, हे शिकवायचं असेल तर आधी आपण दाखवा. आणि जर्सी घेताना साधा सल्ला. पाठीवर खेळाडूचं नाव छापायला जादा पैसे पडतात आणि खेळाडू दोन वर्षांत जातो. पाठीवर पोराचंच नाव घाला. क्लबचा बिल्ला छातीवर असतोच.

नववी गोष्ट, ज्यांच्या घरात खेळणारं पोर आहे त्यांच्यासाठी.

क्लबच्या नोंदणीचे कागद पहिल्या दिवसापासून एका फायलीत ठेवा. खेळाडू पुढे पैशाच्या व्यवहारातून परदेशी क्लबकडे गेला, तर त्या रकमेतले पाच टक्के त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटून द्यायचे, असा फिफाचा नियम आहे. नोंद नसेल तर गावच्या क्लबला काही मिळत नाही. कराराची भाषा कळली नाही तर जाणत्याकडून वाचून घ्या, मगच सही करा. फिफाच्या नियमाने अठराच्या आतल्या खेळाडूशी तीन वर्षांहून जास्त करार करता येत नाही. 'पोराला परदेशातल्या क्लबात घालतो, दोन लाख द्या' म्हणणारा भेटला, तर आधी जिल्हा संघटनेत जाऊन विचारा. अठराच्या आतल्या मुलांना परदेशी क्लबात नोंदवायला फिफाची बंदी आहे, मोजके अपवाद सोडले तर.

आणि पोराला क्लब बदलायचा असेल, तर आधीच्या प्रशिक्षकाला भेटायला लावा. फोनवर मेसेज टाकून नव्हे. पाया पडून, सांगून.

शेवटचं. राग कधी संपवायचा, हेही ठरवा.

लिव्हरपूल शहरात जन्मलेला ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड सहाव्या वर्षी लिव्हरपूल क्लबात आला. मे २०२५ मध्ये त्याने क्लब सोडत असल्याचं जाहीर केलं. पुढच्याच घरच्या सामन्यात त्याच्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. दोन आठवड्यांनी मोसमाचा शेवटचा सामना झाला. लीगची ट्रॉफी उचलायला तो पुढे आला, तेव्हा त्याच मैदानाने टाळ्या वाजवल्या. पंधरवडा लागला. पंधरवडा चालेल. आयुष्यभर नको.

तुमच्या लाडक्या खेळाडूनेही सोडलं, तर दोन दिवस रुसा. मग त्याने तुमच्यासाठी केलेला एक गोल पुन्हा बघा. तो गोल काही तो सोबत घेऊन गेलेला नाही. आणि तो समोरच्या संघातून तुमच्या मैदानावर आला, तर पहिल्यांदा नाव पुकारल्यावर टाळी वाजवा. नंतर नव्वद मिनिटं त्याला हरवायला ओरडा.

पुतण्या आता नोकरीला लागला. गेल्या वर्षी बंगळूरला निघाला, तेव्हा वहिनीने त्याच्या हातावर दही घातलं. तो 'येतो' म्हणाला. बॅगेत सगळ्यात वर ती जर्सी होती.